मांजरासाठी मरळ

अख्ख्या मावळात समुद्र कोणी आणला असेल तर तो माझ्या थोरल्या साडूंनी. जन्म सुदुंबऱ्याचा, नोकरी तळेगावच्या कारखान्यात आणि समुद्राशी संबंध अलिबागच्या सहलीत गुडघ्यापर्यंत. तोही लाट आल्यावर विजार सांभाळत मागे पळण्याइतकाच. पण बोलायला लागले की वाटावं, हा माणूस होडीतच जन्मला. पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील ही नावं ते सासरकडच्या मंडळींपेक्षा जास्त आदराने घेतात. समुद्रातलं ते 'म्हावरं'. आणि पवना धरणातले रोहू, कटला, चिलापी म्हणजे 'नुसता मासा'. देशात आता समुद्रापेक्षा तळ्याधरणांतलाच मासा जास्त पिकतो, असं मी एकदा जेवताना बोलून गेलो. "पिकतो?" साडू कडाडले. "पिकायला तो काय कांदा आहे?" पुढे ताटातलं निवेपर्यंत मला मासेमारीवर ऐकावं लागलं.

दर रविवारी तळेगावच्या बाजारात हा तमाशा ठरलेला. बर्फातून घाट चढून आलेल्या, डोळे पांढरे झालेल्या सुरमईचे कल्ले उघडून साडू म्हणत, "वा! काय खारा वारा आहे!" आणि शेजारच्या पाटीत धरणातली जिवंत मरळ शेपटी आपटत असली की नाकाला रुमाल लावत. पाटीवाली मावशी नुसती बघत राही.

त्यांची बायको, आमची अक्का, धरणकाठच्या गावची. लग्न झाल्यापासून तिच्या माहेरच्या माशाला या घराचा उंबरठा बंद होता. यंदा ती तापाने अंथरुणाला खिळली. ताप गेला, पण तोंडाची चव घेऊन गेला. पापलेट तिने बाजूला सारलं, सुरमईकडे पाहिलंही नाही. रोज थोडी थोडी वाळत चालली. खाल्लं नाही तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी साडूंना बाहेर बोलावून सांगितलं. त्या संध्याकाळी अक्का एवढंच म्हणाली, "मरळीचा रस्सा मिळंल का वो?"

दुसऱ्या दिवशी साडू मला घेऊन बाजारात गेले. इकडेतिकडे बघत पाटीसमोर उभे राहिले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "एक मरळ द्या. घरी मांजर आहे."

घरी मांजर कधीच नव्हतं.

"मांजराला बारीक तुकडं करू का भाऊ?"

"नको, रश्शाचे करा," साडू बोलून गेले.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. मावशीने विचारलं, "भाऊ, मांजर खातंय का न्हाई?"

साडूंनी तोंड उघडलं आणि आतून सगळं सुदुंबरं बाहेर आलं. "खातंय वो मावशी! काल तर मीठ कमी हाय म्हनली!" आणि भर बाजारात त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मला हा माणूस एवढा कधी आवडला नव्हता.

मावशी हसली नाही. तिने पाटीतली सगळ्यात मोठी मरळ उचलली. "मग ह्योच मासा देऊ?"

साडूंनी रुमाल काढला. या खेपेला डोळे पुसले. म्हणाले, "मासा नका म्हणू मावशी. म्हावरं म्हणा."