दोनदा भरलेली बॅग

फिलिपाईन्सला जायची बॅग पहिल्यांदा भरली तेव्हा मला उत्साह होता. पाच महिने तिथेच राहून बायबलचा अभ्यास करायचा आणि खेड्यांत आरोग्यसेवा कशी द्यायची ते शिकायचं, असा तो कोर्स होता. मी कर्जतच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स. बॅग भरली, कुलूप लावलं, आणि व्हिसा काही येईना.

भिसेगावातल्या आमच्या दोन खोल्यांत एवढी मोठी बॅग ठेवायला जागा नव्हती. ती माझ्या कॉटला टेकून उभी राहिली. आधी साबण संपले म्हणून बॅगेतले काढले. मग नव्या चपला. आईला ॲडमिट केलं तेव्हा चादर आणि टॉवेलही गेले. बाजारात भाजी घेताना कोणीतरी विचारायचंच, गेली नाहीस अजून? सुरुवातीला मी सगळं समजावून सांगायचे. नंतर नुसती मान हलवायला लागले. चर्चमधल्या बायका धीर धर म्हणायच्या, आणि मला त्या धीराचाच कंटाळा आला होता. प्रार्थनेत व्हिसा मागणंही मी सोडून दिलं.

शेवटी व्हिसा आला तेव्हा मी रात्रपाळी करून सकाळी घरी परतले होते. परवाच निघायचं होतं. बॅग उघडली तर निम्मी रिकामी. मी जमिनीवर बसले ती मला उठवेचना. रडू येत नव्हतं. जावंसं वाटतंय की नाही, तेही कळत नव्हतं.

वडील दारात येऊन उभे राहिले. रेल्वेतून निवृत्त झालेले, मुळात कमी बोलणारे. आमचं घर बौद्ध. आजोबांनी धम्म स्वीकारला याचा वडिलांना फार अभिमान. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून त्या विषयावर ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

ते गुडघे धरत खाली बसले आणि कपड्यांच्या घड्या घालू लागले. तिथे थंडी नसते, असं मी म्हटल्यावर त्यांनी आईने बळेच कोंबलेला स्वेटर बाहेर काढला. मग माझं बायबल उचललं, एका ओढणीत गुंडाळलं आणि कपड्यांच्या मधोमध ठेवलं. कडेला ठेवलं की कोपरे मुडपतात, म्हणाले.

मी विचारलं, "बाबा, राग नाही ना तुम्हाला?"

त्यांनी कपडे दाबून बसवले. "राग हाय," ते म्हणाले. "गेला नाय अजून. पण तू दमलीयस. नीज, बाय. बॅग मी भरतो."

मी तिथेच चटईवर झोपले. जाग आली तेव्हा दुपार कलली होती आणि लसणाची चटणी कुठे ठेवायची यावरून आई त्यांच्याशी हुज्जत घालत होती.

विमानतळावर सोडायला वडील आले. चौक गाव यायच्या आतच गाडीत माझा डोळा लागला. उतरल्यावर त्यांनी बॅग ट्रॉलीवर चढवली. मी पाया पडायला वाकले, तेवढ्यात मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या आणि ड्रायव्हरने त्यांना घाईने आत बसवलं.

फिलिपाईन्सहून मी दर रविवारी फोन करायचे. तब्येत, जेवण, पाऊस यावर आम्ही बोलायचो. कोर्समध्ये काय शिकतेस ते त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.