बालीची बॅग आणि जयसिंगरावांचं लायसन

लोणी काळभोरात मोटारसायकल चालवणारी माणसं हजारांनी असतील, पण मोटारसायकल शोभते ती एकाच्याच मांडीखाली, असं गावातली जुनी माणसं म्हणत. तो एक म्हणजे जयसिंगराव. वय बासष्ट, मिशी पांढरी, पाठ ताठ. एकविसाव्या वर्षी त्यांनी जुनी राजदूत घेतली, दोन्ही अंगांना दुधाचे कॅन बांधले आणि सोलापूर रस्त्यानं पुण्याकडं जी गाडी सोडली, ती पुढं चाळीस वर्षं धावतच राहिली. रस्ता रुंद झाला. उसाच्या जागी कॉलेजं उगवली. हडपसरच्या अंगाला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एकीत त्यांची सून तनुजा कॉम्प्युटरपुढं बसू लागली. दुधाचा धंदा गेला, घरापुरत्या म्हशी राहिल्या. राजदूत गेली, बुलेट आली. जयसिंगराव होते तसेच राहिले.

गावातल्या दोन पिढ्यांना क्लच सोडायला त्यांनीच शिकवलं. शिकवताना ते गाडीमागं पळत नसत. बांधावर बसायचे आणि म्हणायचे, "पड. पडल्याबिगर गाडी ओळख देत न्हाय." शिकणारा पडायचा, गुडघा झटकायचा आणि शिकायचा.

अशा या माणसाकडं एकच गोष्ट नव्हती. लायसन.

त्यात लबाडी नव्हती, ते राहून गेलं होतं. नाक्यावरचा हवालदार ओळखीचा होता. त्याच्यानंतर आलेला तर त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेला. गुरूकडं कागद कोण मागणार? पुढं मिशी पांढरी झाली, आणि ज्यांना आपण शिकवलं त्यांच्याच रांगेत उभं राहून परीक्षा द्यायची याची लाज वाटू लागली. ही गोष्ट जयसिंगरावांनी कुणालाही सांगितली नव्हती. बायकोला, सोजरबाईंनाही नाही. निदान त्यांचा तसा समज होता.

दिवाळीत तनुजानं फराळाचं ताट पुढं ठेवलं आणि बातमीही ठेवली.

"आबा, महाशिवरात्र झाली की आपण बालीला जातोय. विमानानं जायचं, तिथं गाड्या भाड्यानं घ्यायच्या आणि नऊ दिवसांत अख्ख्या बेटाला राउंड मारायचा. एका गाडीवर मी आणि पृथ्वीराज, दुसऱ्यावर तुम्ही आणि आई."

"रस्तं कसं हायेत?"

"डोंगर, भातखाचरं, मधेच समुद्र."

"आन् वळणं?"

"भरपूर."

"मग येतो," जयसिंगराव म्हणाले आणि चकलीचा तुकडा असा मोडला, जणू पहिलं वळण घेतलं.

पासपोर्ट होते. लेक पृथ्वीराज सिंगापूरला नोकरीला होता तेव्हा काढलेले. पण तनुजा कंपनीत मोठमोठ्या कामांचे आराखडे करणारी बाई. तिनं यादी छापून फ्रिजवर डकवली. सत्तावीस कलमं. पहिलंच कलम असं होतं : 'इंटरनॅशनल परमिट. आबांनी लायसनची कॉपी तनुजाकडे देणे.'

जयसिंगरावांनी यादी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि सत्ताविसाव्या कलमापासून कामाला लागले.

काय तो उत्साह! सत्ताविसावं कलम डास पळवायच्या मलमाचं होतं. ते दुसऱ्याच दिवशी आलं. सव्विसावं मीठ-साखरेच्या पुड्यांचं, कारण तिकडं घाम धारेनं वाहतो. त्या दोन डझन आल्या. पंचविसावं रेनकोटाचं. तिकडचा पाऊस निरोप धाडून येत नाही, तेव्हा रेनकोट शर्ट-पॅंट असा दोन तुकड्यांचा हवा, असं तनुजानं लिहिलं होतं. रेनकोट आणि पाणी न शिरणारी बॅग अशी दोन्ही कामं घेऊन जयसिंगराव बुधवार पेठेत गेले. दुकानदार श्रीधरपंत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बॅग दाखवा. पाणी आत जायला नको."

"झाकण लावलंत तर जात नाही."

"लई मोठा पाऊस आला तर?"

"तर तुम्ही भिजाल. बॅग कोरडी राहील."

"रंग दुसरा न्हाय का?"

"आहे. दुसऱ्या दुकानात."

जयसिंगरावांना माणूस आवडला. त्यांनी तीच बॅग घेतली.

आता खरी लढाई उभी राहिली. दोन माणसांत एक बॅग आणि वजन बारा किलो, वर एक गुंज नाही, कारण ती गाडीला बांधायची होती. जयसिंगरावांनी कांदा मोजायचा काटा पडवीच्या आढ्याला टांगला. रोज संध्याकाळी बॅग काट्याला लावायची, आकडा वाचायचा आणि एकमेकांकडं बघायचं, असा नेम सुरू झाला.

पहिल्या दिवशी एकोणीस किलो भरले.

"ह्यात काय हाय?" जयसिंगरावांनी डबा वाजवला.

"शेंगदाण्याची चटणी," सोजरबाई म्हणाल्या. "आन् त्यात काय हाय?"

"पाने, पंक्चरचं सामान, प्लग, चेनीचं तेल."

"आवं, गाडी भाड्याची हाय. बिघडली तर त्यांची बिघडंल."

"त्यांची बिघडली तरी हात माझं शिवशिवत्यात."

"मग हातच ठिवा घरी. दोन किलो वाचत्याल."

पुण्यात राहणारी तनुजा शनिवारी यायची आणि दोघांचंही सामान निम्मं करायची. जीन्स बाहेर, सुती पॅंट आत. चार लुगडी बाहेर, दोन पंजाबी ड्रेस आत. सोजरबाईंनी ते दाराआड घालून पाहिले आणि बाहेर आल्या तेव्हा कुणाकडं बघितलं नाही. तनुजा गेली की पाने परत आत जायचे, चटणीही जायची. काटा चौदा, तेरा, साडेतेरा असा डोलत राहायचा.

अशी संक्रांत आली. यादीवर सव्वीस कलमांपुढं खुणा झाल्या होत्या. पहिलं कलम तेवढं कोरं होतं.

"आबा, लायसन?"

"ट्रंकंत हाय. काढतो."

पुढच्या शनिवारी ट्रंकेतून ते मळ्यातल्या घरात गेलं होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी तिथं उंदीर फार झाले होते.

"आबा, परमिट नसेल तर तिथे गाडीच देत नाहीत. आणि हे लास्ट मिनिटला होत नाही."

त्या रात्री जयसिंगरावांना झोप आली नाही. बालीच्या वळणांवर आपण पायी चाललोय आणि मागून पृथ्वीराज हॉर्न वाजवतोय, असं काहीतरी डोळ्यांपुढं येत राहिलं. सकाळी 'बॅगेला कुलूप आणतो' असं सांगून ते पुण्याला गेले आणि शिकाऊ लायसन काढून आले. कॉम्प्युटरवर खुणा ओळखायच्या होत्या. शाळेपुढं हॉर्न वाजवायचा नसतो हे त्यांना तिथं पहिल्यांदा कळलं, आणि चाळीस वर्षांच्या शाळा डोळ्यांपुढून गेल्या. तरी पास झाले. पण खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, "पक्क्यासाठी महिना थांबायचं, आजोबा."

महिना संपला तो मंगळवार. विमान शनिवारचं.

मंगळवारी गाव मागं पडल्यावर जयसिंगरावांनी लिंबाच्या झाडामागं बुलेट थांबवली, इकडंतिकडं पाहिलं आणि नंबरप्लेटवर तांबडा एल चिकटवला. मग हेल्मेटची काच खाली ओढून ते चोरासारखे परीक्षेच्या मैदानावर पोचले.

मैदानावर पांढऱ्या चुन्यानं आठचा आकडा आखला होता. त्या रेघेवरून गाडी न्यायची. पाय टेकला की नापास. पुढची कॉलेजची मुलं पाय टेकत होती, तोंड पाडून परतत होती. जयसिंगरावांचा नंबर आला. बुलेट अशी वळली, जशी पाण्यात म्हैस वळते. घाई नाही, खळखळ नाही. पहिला फेरा झाला. इन्स्पेक्टर साहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि नुसते बघत राहिले. दुसरा फेरा निम्मा झाला, अगदी शेवटचं वळण उरलं, आणि कुंपणापलीकडून खणखणीत आवाज आला.

"रामराम, जयसिंगराव!"

तात्याराव! थोरल्या लेकीचे, हेमाचे सासरे. ट्रॅक्टरच्या कागदासाठी आलेले.

आता दुसरं कुणी असतं तर मान हलवून भागलं असतं. पण व्याह्याचा रामराम गाडीवर बसून घ्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. गाडी थांबवायची, खाली उतरायचं, दोन्ही हात जोडायचे. लेक त्यांच्या घरी नांदते. जयसिंगरावांच्या डोक्यानं काही ठरवायच्या आत चाळीस वर्षांची सवय पुढं झाली. आठाच्या पोटात बुलेट थांबली. दोन्ही पाय जमिनीवर आले. स्टॅंड लागला. हात जुळले.

"रामराम, तात्याराव! घरची समदी बरी हायेत न्हवं?"

"बरी हायेत. तुमी हितं कसं काय?"

तेव्हा कुठं जयसिंगरावांनी खाली, पायांकडं पाहिलं.

इन्स्पेक्टर साहेब जवळ आले. "काका, इतका सुंदर आठ मी पाहिला नव्हता. पण तुम्ही नुसता पाय टेकला नाहीत, संसारच मांडलात. सात दिवसांनी या."

"साहेब, व्याही हायेत."

"दिसलं. पुढच्या वेळी व्याह्यांना घरी ठेवून या."

सात दिवस! विमान चार दिवसांवर. जयसिंगराव घरी आले ते सरळ पडवीत जाऊन काट्याखाली बसले. बॅग वर लटकत होती. हे कुणाला सांगायचं, आणि कसं, याचा विचार करत होते, पण त्यांच्याआधी तात्यारावांचा फोन पोचला होता. पृथ्वीराज आणि तनुजा संध्याकाळी धावत आले. पृथ्वीराजला हसू आवरेना म्हणून तो फ्रिजपुढं जाऊन यादी वाचत उभा राहिला.

"तुमी तिघं जावा," जयसिंगराव म्हणाले. "म्हशी बघायला कुणी तरी पायजेच."

सोजरबाई आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी नवऱ्यापुढं दोन वस्तू ठेवल्या. एक लायसनचं कार्ड. एक करड्या रंगाचं पातळ पुस्तक. दोन्हीवर सोजरबाईंचा फोटो होता, नजर रोखलेला.

"हे काय?"

"लायसन. तीन वर्सं झाली. तनुजाच्या स्कूटीवर शिकले."

"कवा?"

"दुपारचं. तुमी घोरत व्हता तवा."

"आन् हे बुक?"

"आईंचं परमिट," तनुजा म्हणाली. "मागच्याच आठवड्यात काढलं आम्ही."

जयसिंगरावांनी बायकोकडं पाहिलं. "तुला ठावं व्हतं? माझ्यापाशी न्हाय ते?"

"आवं, चाळीस वर्सं तुमचं सदरं धुतीया. पर्त्येक खिसा उलटा करून. तपकिरीची डबी गावली, शेंगा गावल्या, एकदा जिती बेडकी गावली. लायसन कदी गावलं न्हाय."

"मग बोललीस का न्हाय?"

"तुमीच सांगाल म्हनून वाट बघितली. चाळीस वर्सं काय लई न्हाईत."

आता मात्र पृथ्वीराज फ्रिजला धरून हसला. तनुजानं फोन काढला. आईंचं लायसन बिनगिअरच्या गाडीचं होतं. तिनं बालीतल्या दुकानाला कळवून दुसरी मोटारसायकल बदलून स्कूटर मागवली. पाच मिनिटांत उत्तर आलं. झालं! जे जयसिंगरावांना चार महिन्यांत जमलं नाही, ते भाकरी तव्यावरून उतरायच्या आत होऊन गेलं.

राहिला प्रश्न जयसिंगरावांचा. जायचं तर मागं बसून जायचं. जन्मात ते कुणाच्या मागं बसले नव्हते. वरातीतसुद्धा घोडं त्यांनी स्वतःच हाकलं होतं. रात्रभर त्यांनी कूस बदलली. सकाळी चहा पिताना त्यांनी एवढंच विचारलं, "मागं बसल्यावर हात कुठं ठिवायचं असत्यात?"

"बॅग धरायची," सोजरबाई म्हणाल्या. "चला, दावते."

गुरुवारी सकाळी, गाव जागं असताना, तनुजाची स्कूटी वाड्याबाहेर निघाली. पुढं सोजरबाई, निळा पंजाबी ड्रेस, डोक्याला हेल्मेट, पदर नाही म्हणून मान अधिकच ताठ. मागं जयसिंगराव, मांडीवर बालीची बॅग, मिशी वाऱ्यावर. चौकात चहाच्या टपरीवरची माणसं उभी राहिली. सोनबा न्हावी हातातला वस्तरा तसाच धरून बाहेर आला.

"जयसिंगराव! आज मागं?"

जयसिंगरावांनी छाती पुढं काढली. "चाळीस वर्सं रस्ता बघण्यात गेली, सोनबा. गाव बघायचं राहूनच गेलं व्हतं." आणि गाव नीट दिसावं म्हणून ते डावीकडं जरा जास्तच कलले.

"हालू नगा," सोजरबाई पुढं बघूनच म्हणाल्या. "वळण हाय."

जयसिंगराव सरळ झाले.