कॉलरच्या आतली खूण

"हलू नको. मानेवर कायतरी हाय."

मला वाटलं किडा असंल. मी मान खाली घालून गप उभी राहिले. कॉलेजातला माझा पहिला सोमवार. हॉस्टेलच्या मेसबाहेर नाष्ट्याची रांग लागलेली. माझ्या पाठीमागं ऋतुजा होती, आमच्याच गावची, बंगल्यावरची. तिनं दोन बोटांनी माझी कॉलर धरली, उलटी केली, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "बघा गं. हा माझा शर्ट हाय."

कॉलरच्या आत, शिवणीला लागून, दोन टिंबं आणि एक आडवी रेघ. काळपट.

"ही आमच्या घराची खूण. आमच्या सगळ्या कपड्यांवर असती. कोडोलीचा परीट घालतोय. आणि ही त्या परटाची पोरगी."

आधी एक हसली. मग रांगच हसली. एकीनं तर आपली स्वतःची कॉलर चाचपून बघितली. ऋतुजाचं बोट अजून माझ्या कॉलरीत अडकलेलं, त्यामुळं मला पळताही येईना. हातात रिकामं ताट होतं. ते मी छातीशी धरलं आणि तशीच उभी राहिले.

ती टिंबं आणि ती रेघ कुणी काढली, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. माझ्या आईनं काढलीती.

आम्ही परीट. कोडोलीत स्टँडच्या अंगाला आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, इस्त्रीचं खोकं हाय. आई घरोघरचं धुणं आणते, धुते, आप्पा इस्त्री करतात. कुणी चांगले कडक कपडे घालून निघाला की लोक म्हणतात, काय परीटघडी हाय राव! शब्द तोंडभरून म्हणतात. आणि तीच घडी घेऊन परीट दारात उभा राहिला की म्हणतात, मागल्या दारानं ये.

आईला अक्षर येत न्हाई. पण निम्मं गाव तिला खुणांनी पाठ हाय. बिब्ब्याला सुई टोचायची, सुईला आलेलं तेल कपड्याला आतनं टेकवायचं, वर चुना लावायचा. तो डाग कापड फाटलं तरी जात न्हाई. मास्तरांचं घर तीन टिंबं. डॉक्टरांचं फुली. बंगल्याचं दोन टिंबं, एक रेघ. बिब्बा उतून उतून आईच्या बोटांची कातडी गेली हाय.

आमच्या स्वतःच्या कपड्यांना मात्र खूण नसती. धुण्याच्या ढिगात ज्याला खूण न्हाई, ते आपलं. आमच्याकडं असंच चालत आलंय.

फार्मसीला माझा नंबर लागला तेव्हा कॉलेजातनं मोबाइलवर यादी आली. हॉस्टेलला येताना काय आणावे. गादी, दोन चादरी, बादली, मग, ताट, वाटी, कुलूप, पांढरा ॲप्रन. आणि दर सोमवारी फॉर्मल कपडे, म्हणजे फिकट रंगाचा कॉलरचा शर्ट आणि काळी पँट. खाली शेवटी लिहिलेलं, हलकी विजेची इस्त्री.

यादी मी मोठ्यानं वाचत होते. इस्त्री आली तशी आप्पा खोक्यातनं हसले. "ही वस्तू तेवढी हाय की गं आपल्याकडं!" भारी साड्यांसाठी म्हणून ते एक हलकी इस्त्री जपून ठेवायचे. तीच त्यांनी पुसून माझ्या हातात दिली.

एकेक करून सगळं जमलं. शर्ट राहिला. आज घेऊ, उद्या घेऊ म्हणता म्हणता जायचा दिवस उजाडायला आला. आणि माझी नजर गेली राहिलेल्या गठुड्याकडं.

प्रत्येक परटाकडं असलं एक गठुडं असतंय. लोक कपडे टाकतात आणि न्यायचं विसरतात. ते विकायचे न्हाईत, वापरायचे न्हाईत, नुसते सांभाळायचे. त्यात बंगल्यावरचा एक फिकट निळा शर्ट होता. ऋतुजाचा. तीन वर्षं पडून. आप्पा तीनदा तो घेऊन बंगल्यावर गेलते. तिसऱ्यांदा तिची आई, वैनीसाहेब, आतनंच म्हणाल्या, "राहू दे रे तुझ्याकडंच. आता तिला होत न्हाई तो."

मी शर्ट अंगाला लावून बघितला. बरोबर बसला.

आई म्हणाली, "ठेव तो. गिऱ्हाईकाचा कपडा अंगाला लावू ने."

हा नियम आप्पांचा. आयुष्यभर पाळलेला. पण त्या दिवशी तेच म्हणाले, "घालू दे. त्यांनीच न्हाई म्हटलंय की. पोरीचा पहिला सोमवार हाय."

आईचं मन घेईना. "मग शिंप्याकडनं कॉलर तरी उलटवून घे. खूण दिसती."

आणि मी शहाणी काय म्हणावं? "आई, कॉलरच्या आत कोण बघतंय? तिथं शिकलेली माणसं असतात."

ऋतुजा पुण्याला जाणार असं गावभर झालतं. ती ह्याच कॉलेजात, ह्याच हॉस्टेलात येईल, हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनी न्हवतं. आईनं माझी बॅग भरली. एकेक कपडा घडी घालून, कडेला कड लावून. वर जोतिबाच्या गुलालाची पुडी ठेवली, परत उचलली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि बाजूच्या कप्प्यात सारली. "गुलालाचा डाग जाता जात न्हाई, बाई." देव झाला तरी आईला आधी डाग दिसतो. मी हसले होते.

तर तो सोमवार.

नाष्टा झालाच न्हाई. वॉर्डन मॅडमनी ऑफिसात बोलावलं. ऋतुजाही होती, खुर्चीवर. मला बस कुणी म्हणालं न्हाई.

"विचारून घेतलावतास शर्ट?"

"तो आमच्याकडं राहिलेला, मॅडम. तीन वर्षं."

"राहिलेला म्हणजे तुझा होतो का? ह्याला चोरी म्हणतात. वडिलांना बोलव."

चोरी. आत सगळी वाक्यं तयार होती. त्यांनीच न्हाई म्हटलंय. तीनदा नेऊन दाखवलाय. वैनीसाहेबांना फोन लावा. एकही बाहेर आलं न्हाई. मी नुसती कॉलर मुठीत धरून उभी. रडूसुद्धा आलं न्हाई तेव्हा. रडले असते तर बरं झालं असतं.

आप्पा दुपारच्या एसटीनं आले. ऑफिसच्या दारात चपला काढल्या. काढ म्हणून कुणी सांगितलं न्हवतं. आत आले, आधी मॅडमना हात जोडले, मग माझ्या वयाच्या त्या पोरीला.

"चूक झाली ताईसाहेब. पोरीची न्हाई, माझी."

मी आप्पांच्या तोंडाकडं बघत राहिले. सांगा की. एवढं एकच सांगा की, राहू दे म्हणाल्या म्हणून. आप्पांनी सांगितलं न्हाई. जोडलेले हात तसेच ठेवले.

ऋतुजा म्हणाली, "असू दे मॅडम. घालू दे तिला. मी दिला म्हणून समजा. फक्त माझे कपडे तेवढे इस्त्री करून देत जा म्हणावं. घरचाच धंदा हाय की!"

मॅडम हसल्या. "बघ, किती मोठं मन हाय तिचं."

आणि आप्पा हसले. माझा बाप हसला. "करंल की. न करायला काय झालंय?"

ते हसणं मला अजून ऐकू येतं. रांगेतलं सगळं हसणं एकीकडं आणि ते एकीकडं.

फाटकापाशी मी विचारलं, "आप्पा, वैनीसाहेब राहू दे म्हणालत्या. का न्हाई सांगितलंसा?"

"गिऱ्हाईकाला खोटं पाडून परटाला गावात राहता येत न्हाई, बाळ." एवढंच म्हणाले आणि एसटी गाठायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या कॉटवर ऋतुजाचे चार कपडे. त्याच्या पुढच्या दिवशी तिच्या रूममेटचे. आठवड्यात अख्ख्या मजल्याचे. दार न वाजवता यायच्या, टाकायच्या, जायच्या. "ए परीट, उद्या माझी तोंडी परीक्षा हाय, आधी माझा ॲप्रन." माझं नाव हजेरीपुरतं राहिलं.

मी करत होते. खोटं कशाला सांगू? व्हरांड्यात इस्त्रीचं टेबल होतं. तिथं रोज दोन तास उभी राहायची, पुस्तक कडेला उघडं ठेवून. आप्पांनी दिलेली इस्त्री, आईनं शिकवलेली घडी, आणि कपडे त्यांचे. बाथरूममध्ये जाऊन कितीदा तरी म्हणून बघितलं, "न्हाई. मी करणार न्हाई." तिथं आवाज छान निघायचा. बाहेर आले की जीभ टाळूला. वाटायचं, मी न्हाई म्हटलं तर बंगल्याचं धुणं बंद हुईल. बंगला बंद झाला की त्याचं बघून आणखी चार घरं. मग आई काय करंल, खोकं कसं चालंल? आणि पुन्हा चोर म्हणतील ते येगळंच. पहिल्या सत्रात एक विषय राहिला. घरी सांगितलं, पेपर अवघड होता.

असं करत माघ उजाडला. रविवारी जोतिबाचा खेटा, म्हणजे माघातली डोंगरावरची पायी वारी, करून आप्पा परस्पर हॉस्टेलवर आले. कपाळाला गुलाल, हातात खोबऱ्याचा प्रसाद. व्हरांड्यात मी इस्त्री करत होते. टेबलावर ही रास. ती कुणाची, ते त्यांनी विचारलं न्हाई. पायरीवर पिशवी ठेवली आणि माझ्या हातनं इस्त्री काढून घेतली.

"सर बाजूला. उद्या पेपर हाय न्हवं? वाच जा. मी करतो."

"आप्पा, नको."

"अगं, किती वेळ लागतोय मला?"

आणि करायला लागले. डोंगर चढून आलेला माणूस. पायाची धूळ अजून झटकली न्हवती. मी पुस्तक घेऊन पायरीवर बसले, डोळ्यांपुढं एक अक्षर येईना. पोरींना कळलं तशा वरनं धावत आल्या. "काका, माझा पण करा की!" "मी पण आणते, थांबा!" आप्पा व्हय व्हय म्हणत होते.

मग ऋतुजा आली. हातातला ॲप्रन टेबलावर टाकला. "नीट कर हां. घरी करतोस तसा. मागच्या वेळी हिनं चुण्या पाडल्यात."

कर. करतोस. माझ्या बापाला.

आप्पा म्हणाले, "व्हय ताईसाहेब."

गावात हे रोज ऐकलेलं. बंगल्याच्या मागल्या दारात जन्मापासनं ऐकलेलं. कधी कानाला लागलं न्हवतं. त्या दिवशी लागलं. का, ते सांगता येणार न्हाई. बहुतेक त्यांच्या कपाळावर गुलाल होता म्हणून.

मी उठले आणि बटण बंद करून पिन उपसली.

"आप्पा, सोडा ते."

"अगं, दोनच राहिलेत."

"सोडा म्हणते न्हवं!"

माझा आवाज मलाच ओळखू आला न्हाई. पोरींकडं वळून मी म्हटलं, "आपापले कपडे उचला. आजपास्नं मी कुणाचं करणार न्हाई."

ऋतुजा म्हणाली, "माज आला व्हय गं?"

"व्हय. आला."

खोलीवर गेले. तो शर्ट मी त्या सोमवारनंतर अंगाला लावला न्हवता. धुऊन, घडी घालून बॅगेच्या तळाला ठेवलेला. तो आणला आणि तिच्या हातात दिला. कॉलर उलटी करून.

"बघून घे, खूण तुझीच हाय न्हवं? माझ्या बापानं हा तीनदा तुझ्या दारात आणलाता. तुझी आई म्हणाली, राहू दे, तिला होत न्हाई. ते आप्पांनी मॅडमपुढं सांगितलं न्हाई. मी सांगते. आता कपडा पोचला."

तिनं शर्ट हातातनं खाली सोडला आणि वर निघून गेली.

मला वाटलं आप्पा काहीतरी म्हणतील. शाब्बास नको, पण काहीतरी. त्यांचं तोंड पांढरं पडलेलं. त्यांनी वाकून तो शर्ट उचलला, झटकला, परत घडी घातली आणि टेबलावर ठेवला. राहिलेले दोन कपडेही तसेच घडी घालून ठेवले. प्रसाद माझ्या हातात दिला. "येतो," म्हणाले. डोळे वर केले न्हाईत.

त्याच आठवड्यात बंगल्याचं धुणं बंद झालं. पाठोपाठ तीन घरं गेली. आई फोनवर म्हणाली, "गप बसली असतीस तर चाललं असतं की गं." ती रागानं म्हणाली न्हाई, म्हणून जास्त लागलं. आप्पा पाडव्यापर्यंत माझ्याशी बोलले न्हाईत. खोक्यात आता दुपारीच काम संपतं, मग नुसते बसून असतात. माझ्यामुळं झालं.

सुट्टीत घरी आले तेव्हा आईला विचारलं, "आई, आपली खूण काय?"

"आपल्याला कसली खूण? बिनखुणेचं ते आपलं."

"बिब्बा दे हिकडं."

दुसऱ्या वर्षाची बॅग मीच भरली. दोन चादरी, बादली, ॲप्रन, काळी पँट. आणि एक शर्ट. नवा, माझ्या मापाचा शिवलेला. प्रत्येक कपड्याला आतनं मी माझी खूण घातली. उभी रेघ, शेजारी टिंब. बोटाला बिब्बा उतला, फोड आला, तो अजून चिघळतोय. आई बघत होती. शेवटी चुन्याची डबी तिनंच माझ्याकडं सरकवली.

इस्त्री घेतली हाय. तिच्याखालनं फक्त माझे कपडे जाणार. दुसऱ्या कुणाचा कॉटवर पडला तर जमिनीवर जाणार.

आप्पा अजून ऋतुजाला ताईसाहेबच म्हणतात. त्यांची जीभ मला बदलता येणार न्हाई. तिची बदलणार. उद्या हॉस्टेलवर बॅग ठेवली की पहिल्यांदा तिच्या खोलीवर जाणार हाय आणि सांगणार हाय, माझ्या बापाशी बोलायचं तर 'अहो' म्हणून बोलायचं. न्हाई म्हणाली तर मेसच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत, पुन्हा सांगीन. रोज सांगीन.