थंड पाठीचं कार्ड

आमच्या बाबूजींनी शेवटची जोडी पळवली ती इतक्या वेगानं, की तिची धूळ तिसऱ्या दिवशी सालेकशाला पोचली आणि तिकडच्या बायकांनी वाळत घातलेल्या वड्या घाईघाईनं घरात नेल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, कारण मी तेव्हा बाबूजींना उचलत होतो. गाडी रेषेच्या पार गेली, बैल पार गेले, बाबूजी तेवढे अलीकडेच उतरले, आणि तेही गुडघ्यावर.

आमच्या झाडीपट्टीत बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. सरळ मैदान, हलकी गाडी आणि ती हाकणारा धुरकरी. बाबूजी चाळीस वर्षं धुरकरी. डॉक्टरांनी गुडघ्यात लोखंड घालून सांगितलं, "आता पट बघायचा, गाडीवर बसायचं नाही. पुन्हा पडलात तर पाय गेला समजा." बाबूजींनी गंभीरपणे मान हलवली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मला म्हणाले, "पुढच्या पटाले मी बसतो."

तेव्हापासून घरात वर्षभर हाच एक विषय. मी तिरोड्याजवळच्या आमच्या गावात खत-बियाण्याचं दुकान चालवतो. दिवसभर लोकांना समजावतो, कोणतं बियाणं धानाच्या कोणत्या बांधीत, म्हणजे खाचरात घाला. ते ऐकतात. घरी बाप ऐकत नाही.

दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रांच्या दिवसांत आम्ही गोंदियाला माझ्या सासुरवाडीला गेलो. तिथं साळ्याच्या खोलीत एक कारखाना मांडलेला. समोर मोठा पडदा, टेबलाला स्टेअरिंग, खाली पॅडल, आणि पडद्यावर गाड्यांची शर्यत.

मी म्हटलं, "एवढा मोठा झाला अन् गेम खेळून राहिला?"

"गेम नाही भाऊजी, सिम्युलेटर हाय."

"फरक काय?"

"गेम खेळतात. सिम्युलेटर चालवतात."

बाबूजी तोवर खुर्चीत बसलेही होते. पहिली गोष्ट त्यांनी ब्रेकचं पॅडल काढायला लावलं. "पटात ब्रेक कोठं राहाते?" मग गाडी सुटली आणि त्यांच्या तोंडून पटातली अशी आरोळी निघाली की शेजारच्या तीन घरांतले लोक दारात येऊन उभे राहिले, आणि म्हणे रेल्वेच्या फाटकावर एक बैल आपोआप पळू लागला. पहिल्याच वळणावर बाबूजी सरळ प्रेक्षकांत घुसले.

"ह्या लोकायले सरळ रस्ता करता नाही आला का? वळण कायले ठेवलं?"

पण तासाभरानं उतरले तेव्हा त्यांच्या कपाळावरची वर्षभराची आठी गेली होती. माझ्या बायकोकडे, म्हणजे त्यांच्या सुनेकडे पाहून म्हणाले, "असं घरी बसवा. पटाच्या दिवसापर्यंत घरी अशीच लोण्यावानी पळली, तर मी गाडीवर बसत नाही. नाही पळली, तर मले कोणी अडवायचं नाही."

"मंजूर जी," बायको म्हणाली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की आता बाबूजींचा गुडघा माझ्या हातात होता.

साळा म्हणाला, "बाकी सगळं सोपं हाय भाऊजी. ग्राफिक कार्ड नीट निवडा. पडद्यावर झटका येईन का नाही, ते सगळं कार्डावर."

निवडीचं काम मला काय अवघड! बैलाचे दात पाहून मी त्याच्या आजोबाचं वय सांगतो. गोंदियातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात छाती पुढे काढून शिरलो.

दुकानदारानं विचारलं, "भैया, एफपीएस कितना चाहिए?"

खताच्या पोत्यावरचं एनपीके म्हणजे काय ते मला झोपेतही येतं. हा त्याचाच कोणी भाऊ असेल असं वाटून मी म्हणालो, "अठरा-अठरा-दहा चलेगा."

त्यानं मला बसायला खुर्ची दिली. मग त्यानं समजावायला घेतलं, आणि तिथून माझ्या डोक्याची जी घडी विस्कटली ती अजून बसलेली नाही. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं पाहिजेत की एकशे चव्वेचाळीस? पडदा एक की तीन? कार्डाची स्वतःची मेमरी आठ की बारा? पावसाच्या पाण्यात गाडीचं प्रतिबिंब दिसायला हवं का? मी म्हटलं, पट उन्हात होतो, पाणी नको. मग नंबर. एकाच नंबराची तीन कार्डं. एकाला शेपूट नाही, एकाला इंग्रजी अक्षरांचं एक शेपूट, एकाला दोन. शेपटी वाढली की वेग वाढतो. पण कधीकधी जुन्या नंबराचं दोन शेपट्यांचं कार्ड नव्या नंबराच्या बिनशेपटीला मागे टाकतं. आणि कधीकधी नाही टाकत. केव्हा टाकतं, केव्हा नाही, हे विचारल्यावर त्यानं चहा मागवला.

चहा पिता पिता तो म्हणाला, "देखो भैया, असली बात जोड़ी की है. प्रोसेसर और कार्ड की जोड़ी जमनी चाहिए. एक तेज़, दूसरा ढीला, तो झटका खाएगा."

हे मला कळलं. सकाळपासून कळलेलं ते पहिलं वाक्य. मी बिनशेपटीचं कार्ड पसंत केलं, दिसायला साधं, काम करणारं. मागून आलेल्या साळ्यानं सगळं कॉम्प्युटरच्या डब्यात बसवून दिलं, दुकानातच चालवून दाखवलं. लोणी. घरी फक्त मागच्या वायरी लावायच्या होत्या. त्या मी लावल्या. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

घरी पुढच्या खोलीत ट्रॅक्टरची जुनी सीट लोखंडी पायांवर बसवली, समोर स्टेअरिंग, खाली एकच पॅडल. बाबूजी बसले. गाडी निघाली, थांबली, निघाली, थांबली, जशी धानाच्या बांध्यांतून एकेक धुरा, म्हणजे बांध ओलांडत बैलबंडी जावी. बाबूजींना गरगरलं. सीटवरून उतरून म्हणाले, "काऊन बे, हा बैल तर अडून राहिला."

मी डबा मांडीवर घेऊन रेल्वेनं गोंदियाला. दुकानदारानं पहिलं कार्ड ठेवून घेतलं, एका शेपटीचं बसवलं, चालवून दाखवलं. लोणी. तपासून झालं की तो कार्डाच्या मागच्या भोकांवर काळ्या टोप्या पुन्हा बसवायचा. "गाँव की धूल, भैया." घरी आणलं. झटके.

पुन्हा रेल्वे. आता दोन शेपट्यांचं, तीन पंख्यांचं, इतकं लांब की डब्याचं झाकण लागेना. दुकानदार म्हणाला, खुलाच राहू द्या, हवा लागेल. डबा असा उघड्या अंगानं मांडीवर घेऊन येताना समोरच्या म्हातारीनं विचारलं, "कोणता पंप होय जी?" दुकानात लोणी. घरी झटके. आणि झटके तेच! मोजून तेच, त्याच जागी, तितकेच. मला गोंधळ याचा नव्हता की झटके येतात. गोंधळ याचा होता की कार्ड दोनदा बदललं तर निदान झटका तरी बदलायला नको का?

ज्याला विचारावं त्याचं वेगळं. साळा फोनवर म्हणाला, व्होल्टेज. दुकानदार म्हणाला, धूल. बायको म्हणाली, "खोली दक्षिणेकडं हाय, मी आधीच म्हणून राहिली होती." मी स्वतः असं ठरवलं की शेजारी एवढं मोठं वीज केंद्र, तिथली ताजी वीज सगळी दूरच्या शहरांत जाते आणि आमच्या गावाला तळाची, गाळ बसलेली वीज येते. स्टॅबिलायझर आणला. मग साळ्याच्या सांगण्यावरून गेममधलं एकेक कमी करत गेलो. आधी सावल्या काढल्या, मग झाडं, मग प्रेक्षक. शेवटी पोकळीत एक रस्ता उरला, यमलोकाला जातो तसा.

"लोक कोठं गेले?" बाबूजींनी विचारलं.

"कमी केले बाबूजी."

"कायले? त्याहीनं काय केलं?"

इकडे पट जवळ आला. बाबूजींचा फेटा धुऊन दोरीवर वाळू लागला. ते सकाळी अंगणात गुडघा वाकवून, सरळ करून पाहायचे आणि मला पाहिलं की मुद्दाम आणखी वाकवायचे. शेजारचे भाऊ, ज्यांची जोडी यंदा तयार होती, ते दारात येऊन म्हणाले, "काका, जागा ठेवली हाय तुमची." बायकोनं त्यांना चहा दिला नाही. आमच्या घरी चहा न मिळालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

तीन दिवस उरले. दुपारची वेळ. बाबूजींनी एक फेरी मारली, झटके खात, दात आवळून. मग उतरले, काठी टेकत डब्याच्या मागे गेले आणि जे चाळीस वर्षं प्रत्येक पळतीनंतर करत आले तेच केलं. उघड्या डब्यात हात घालून तळवा ठेवला.

"बाबूजी, करंट!" मी ओरडलो.

"चूप. हे का तुझं कार्ड?"

"हो जी."

"थंडं हाय."

"तीन पंखे हायेत न त्याले. थंडच राहीन."

"पंखे फिरूनच नाही राहिले."

खरंच. तीनही पंखे निवांत. मग त्यांनी वरच्या छोट्या पंख्याच्या पत्र्याला, म्हणजे प्रोसेसरवरच्या, बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"हा पाहा कसा तापला. पळून आलेल्या बैलाची पाठ थंडी राहाते का बे? तू याले जुंपलाच नाही. हा एकटाच ओढून राहिला."

मी डब्याच्या मागे वाकलो. पडद्याची वायर वरच्या भोकात होती, प्रोसेसरच्या बाजूच्या. कार्डाची भोकं खाली, आणि त्या सगळ्यांवर दुकानदाराच्या काळ्या टोप्या जशाच्या तशा, बैलाच्या तोंडाला मुसकं बांधावं तशा. तीन वेळा मी वायर हातात घेतली होती आणि तीनही वेळा अगदी जपून, त्याच वरच्या भोकात घातली होती, कारण ते उघडं होतं आणि वायर छान बसत होती. तीन कार्डं माझ्या घरी पाहुण्यासारखी राहिली. एकानंही काम केलं नाही. तिसरं कार्ड घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार दुसऱ्या कार्डाकडे पाहून म्हणाला होता, "एकदम नया जैसा रखा है भैया!" आणि मी खूश झालो होतो.

टोपी काढली, वायर खाली लावली. पंखे घुमले. झाडं परत आणली, सावल्या आणल्या, प्रेक्षक आणले.

"लोक आले," बाबूजी म्हणाले, आणि गाडी सुटली. कसलं लोणी! लोण्यालाही घट्टपणा असतो. सरळ रस्त्यावर त्यांनी आरोळी दिली तशी दोरीवरचा फेटा उडून पेरूच्या झाडावर गेला. पहिल्या वळणावर ते सरळ प्रेक्षकांत. उतरून पुन्हा कार्डाला हात लावला. "आता पळला."

साळ्याला मी बाबूजींच्या देखतच फोन करून सांगितलं की व्होल्टेजच होतं. तो म्हणाला, "पाहा, मी सांगूनच राहिलो होतो न?" त्याचा एवढा आनंद मला मोडवेना.

पटाच्या दिवशी बाबूजी फेटा बांधून निघाले. फेटा कायले, हे विचारायची हिंमत घरात कोणाची नाही. मी आणि पट पाहायला आलेला साळा त्यांच्या दोन बाजूंना, पोलिसांसारखे. शेजारच्या भाऊंची जोडी सुटायला उभी होती. ते म्हणाले, "काका, या."

बाबूजींनी कासरा हातात घेतला. बैलाच्या पाठीवर तळवा ठेवला. समोरच्या सरळ मैदानाकडे इतका वेळ पाहिलं की साळा आणि मी एकेक पाऊल पुढे सरकलो. मग कासरा भाऊंच्या हातात परत देऊन म्हणाले, "माझी घरी जुंपून ठेवली हाय," आणि रेषेजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. एक हात धोतराखाली गुडघा चोळत होता. त्यांनी शब्द पाळला की गुडघ्यानं पाळायला लावला, हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

पट संपल्यावर ते दहा-बारा धुरकरी घेऊन घरी आले. माझ्या पुढच्या खोलीत अख्ख्या मैदानाची माती. "पाय धुऊन या न जी," बायको दारातून म्हणत राहिली, पण तोवर सगळे डब्याभोवती. प्रत्येकाचा एकच प्रश्न. "कोणतं कार्ड होय?"

मी नंबर सांगायला तोंड उघडलं. पहिल्याचा नंबर आणि तिसऱ्याच्या शेपट्या एकत्र बाहेर आल्या. दुरुस्त केलं तर दुसऱ्याची शेपटी आली. साळा मध्येच म्हणाला, "तसं पाहिलं तर भाऊजी, पहिलंही पुरलं असतं तुमाले."

"नंबर कायले पायजे?" बाबूजी म्हणाले. "हात लावून पाहा." आणि धुळीनं माखलेले हात एकेक करून तीन पंख्यांच्या पाठीवर टेकू लागले.

त्या गर्दीत साळ्यानं छाती फुगवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाबूजी, सांगा न ह्या लोकायले, शेवटी काय निघालं होतं? झटके कशानं येत होते?"

मी छताकडे पाहिलं. बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या वायरीकडे, मग सीटवर बसले आणि पाय पॅडलवर ठेवला.

"व्होल्टेज," ते म्हणाले, आणि दाबलं.