डाव्या बाजूची रिंग

सीब्रँड एलमनच्या दुकानात भाड्याची सायकल परत द्यायला गेलं, की तो आधी माणसाकडे बघायचा आणि मग सायकलीकडे. घंटी वाजवायचा, चाक उचलून फिरवायचा, सीटखाली हात घालून चाचपायचा. टेक्सेल बेटावर येणारे पाहुणे याला हसायचे. बेटावरचे लोक हसायचे नाहीत, कारण त्यांच्याशीही हा गडी तसाच वागायचा. पाववालीकडून मनुकांचे पाव घेतले तर तिच्यासमोरच पिशवी उघडून बघायचा. बायको होती तोवर ती म्हणायची, "याला स्वर्गात घेतलं तरी हा आधी दाराची कडी हलवून बघेल."

तर असा हा माणूस. आणि त्याच्या संशयाला खरी धार चढली ती एका होडीपायी. तिचं नाव तुरेलूर. शर्यतीची जुनी कॅटमरान. दोन लांब निमुळत्या होड्या, मध्ये ताणलेली जाळी आणि वर नऊ मीटरची डोलकाठी. सीब्रँडनं आणि त्याच्या थोरल्या भावानं, यानुसनं, ती तरुणपणी मिळून घेतली होती. दर जूनमध्ये बेटाला वळसा घालायची शर्यत असते, ती दोघं त्याच होडीतून करायचे.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या शर्यतीत दीपगृहापाशी होडी वळवली आणि डाव्या बाजूची तार सुटली. डोलकाठी कोसळली ती यानुसच्या खांद्यावर. तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

आता हे कसं होतं, ते सांगायला हवं. डोलकाठीला दोन्ही बगलांना एकेक पोलादी तार असते. ती होडीच्या काठाला एका पिननं अडकवतात, आणि पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकात एक बारीकशी रिंग घालतात, किल्ल्यांच्या जुडग्यात असते तसली. वरून चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे शीड फाटत नाही. रिंग नसेल तर किनाऱ्यावर काही कळत नाही. पाण्यात मात्र वाऱ्याच्या आडची तार ढिली पडून थरथरते, पिन हळूहळू बाहेर सरकते, आणि होडी वळून त्या तारेवर ताण आला की खेळ खलास. नखाएवढ्या रिंगवर दोन जिवांचा भार, आता बोला.

त्या दिवशी डावी बाजू यानुसनं बांधली होती. सीब्रँडनं सगळ्यांदेखत सांगितलं, यानुस रिंग घालायला विसरला. यानुस म्हणाला, मी घातली होती, तूच मला बाजूला सारून परत उघडलीस. सीब्रँडला असं काही आठवत नव्हतं, आणि जे आपल्याला आठवत नाही ते घडलंच नाही, अशी त्याची खात्री होती. भावाभावांचं बोलणं तुटलं. यानुस दर शर्यतीला वाळूच्या टेकडीवर सायकल टेकवून उभा राहायचा, पण खाली काही उतरायचा नाही. सीब्रँड मनात म्हणायचा, तोंड दाखवायची लाज वाटत असेल.

पुढं त्याच्याबरोबर एकेक करून किती जण बसले आणि कंटाळून गेले. तुम्ही बांधलेली प्रत्येक गाठ कुणी सोडून बघितली, तर तुम्ही तरी किती दिवस टिकाल? सदुसष्टाव्या वर्षी त्याच्याकडे जोडीदार उरला नव्हता, आणि या होडीला दोघं लागतातच.

मे महिन्यात हेल्मा दुकानात आली. हेल्मा म्हणजे यानुसची मुलगी, चौतिशीची, फेरीबोटीवर कामाला. सरळ म्हणाली, "काका, यंदा मी येते तुमच्याबरोबर."

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

पाठवलेला माणूस हेच म्हणणार, हे सीब्रँडला ठाऊक होतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. एकोणीस वर्षांनी भावाच्या घरातलं माणूस आपल्या होडीवर कशाला येतंय? यानुसला काहीतरी उकरून काढायचं असणार. पण दुसरं कुणी मिळत नव्हतं, आणि शर्यत सोडायची त्याची तयारी नव्हती. तो हो म्हणाला आणि त्या दिवसापासून तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागला. सरावात तिनं सुकाणू बसवलं की तो परत काढून बसवायचा. ती नुसती बघत राहायची. तिचं ते बघणं त्याला जास्त खुपायचं.

शर्यतीच्या सकाळी वाळूवर शे-दीडशे होड्या लागल्या होत्या. वारा पश्चिमेचा, चांगला झोंबणारा. टेकडीवर यानुस सायकलीला रेलून उभा होता. तुरेलूरची डोलकाठी अजून आडवीच होती; उभी करण्याआधी बगलेच्या तारा अडकवायच्या असतात. उजवी सीब्रँडनं अडकवली. डावी हेल्मानं अडकवली, रिंग घातली आणि चिकटपट्टी हातात घेतली.

"हो बाजूला," सीब्रँड म्हणाला.

ती बाजूला झाली. त्यानं रिंग काढली, ओठांत धरली, पिन उपसून उन्हात फिरवून बघितली आणि परत भोकात सारली. तेवढ्यात कुणी दाढीवाला परका माणूस डोलकाठीला पुढून धरणाऱ्या, वाळूत पसरलेल्या तिसऱ्या तारेवर पाय देऊन गेला. सीब्रँडचं डोकंच फिरलं. ओठांतली रिंग काढून तो त्याच्यावर खेकसला, मग जाऊन ती तार टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपली. कुठं चीर नव्हती. तो परत आला, डाव्या पिनवर चिकटपट्टीचे तीन वेढे गच्च आवळले आणि हात झटकले.

"चल, उभी करू."

"डावी पट्टी सोडा, काका," हेल्मा म्हणाली.

"का म्हणून?"

"सोडून तर बघा."

आली शेवटी मुद्द्यावर, असं सीब्रँडला वाटलं. तिला हात लावू न देता त्यानं स्वतःच पट्टी उलगडली. पिन होती. रिंग नव्हती.

बापावर गेली आहेस, असं तो तिला म्हणाला. रिंग न घालता पट्टी हातात घेतेस, उद्या मला बुडवशील. आणखीही बरंच बोलला, ते सगळं सांगण्यासारखं नाही. आजूबाजूचे लोक हातातली कामं टाकून बघायला लागले. हेल्माचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही.

"मी घातली होती. तुम्ही काढलीत. तुमच्या ओठांत होती. वरचा खिसा बघा."

त्यानं खिशात हात घातला तो तिला खोटं पाडायलाच. आत चघळायच्या खारट काळ्या गोळ्या होत्या, लोकर चिकटलेल्या, एक स्क्रू होता, आणि बोटाला ती लागली. थुंकीनं अजून ओलसर होती.

आत्ता पाच मिनिटांपूर्वी ती खिशात कधी टाकली, ते त्याला आठवत नव्हतं. किती आठवून बघितलं, तरी आठवेना. पाच मिनिटांचं आठवत नाही, तर एकोणीस वर्षांचं काय? हो बाजूला, हे शब्द त्यानं यानुसलाही म्हटले असणार, कारण ते तो सगळ्यांनाच म्हणायचा. तो होडीच्या काठावर बसला. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"तुला हेच बघायला पाठवलं होतं ना त्यानं?"

"बाबांना कालपर्यंत माहीतही नव्हतं मी येणार ते. काल सांगितलं. मी माझी आले होते बघायला. शाळेत होते तेव्हापासून दोघांचं ऐकतेय, एकदा डोळ्यांनी बघावं म्हटलं."

तो उठला आणि रिंग मुठीत धरून टेकडी चढायला लागला. वाळूत पाय रुतत होते, त्याला धाप लागली. यानुस हलला नाही. इतक्या वर्षांनी भाऊ आपल्याकडे येतोय, म्हणजे नवीन कसला आरोप घेऊन येतोय, अशा नजरेनं तो बघत होता.

"डावी बाजू मी उघडली होती," सीब्रँड म्हणाला. "रिंग माझ्याकडेच राहिली असणार. तू घातली होतीस."

यानुसनं मान वळवून समुद्राकडे बघितलं.

"मलाही वाटायला लागलं होतं रे," तो म्हणाला. "की मीच विसरलो असेन."

आपण नुसता खांदा नाही मोडला याचा, हे सीब्रँडला तिथं कळलं. काहीतरी निमित्त काढून तो म्हणाला, "खाली चल. डोलकाठी उभी करायला तिसरा माणूस हवा."

"माझा हात वर जात नाही."

"पिन खालीच असते."

यानुसनं सायकल गवतात आडवी टाकली. दोघं उतरले. हेल्मानं जागा करून दिली. यानुस डाव्या काठाशी गुडघे टेकून बसला, पिन चाचपली, आणि रिंग घेताना हात मध्येच थांबवला.

"मी घातली, की तू परत उघडणार."

सीब्रँडनं विचार केला. खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

"बघणार मी. सवय जायची नाही आता," तो म्हणाला. "पण माझ्यानंतर तू बघ."