सरदारची जोडी

मनसारामभाऊ आमच्या गावचे ढोरकी. चाळीस वर्षं गावाची गुरं चारतात, पण स्वतःच्या दावणीला कधी एक शेपूट नव्हतं. माणसांची नावं विसरतील. कोणती कालवड कोणत्या गाईची, हे मात्र झोपेतही सांगतील.

गावचा सांड, सरदार, त्यांनीच निवडलेला. त्याचे गोऱ्हे शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पळायचे आणि छाती भाऊंची फुगायची. "सांड बदला आता," असं कुणी म्हटलं की भाऊ त्याच्याशी आठवडाभर अबोला धरत. असा सरदार आठ वर्षं कळपात राहिला.

मग दोन वर्षांत तीन वासरं पुढचे पाय मुडपलेली जन्मली. दोन गेली. कुणी ग्रहण म्हणालं, कुणी नजर. भाऊ मात्र त्यांच्या आया आठवत बसले. तिन्ही गाई सरदारच्याच लेकी निघाल्या.

ते तडक जनावरांच्या दवाखान्यात हर्षाबाईंकडे गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोष त्याच्या रक्तात लपून आहे, भाऊ. बाप-लेकीचा मेळ झाला का वासरात बाहेर येते."

"मंग चुकी माहीच, बाई. मीच ठेवलो त्याले."

एक मेलेलं वासरू ज्याच्या गाईचं, त्या हेमराजनं उपाय काढला, "वैनगंगेपल्याड देऊन टाकू. तिथी त्याच्या लेकी नाईत."

भाऊ भडकले. "आज नाईत, उद्या होतीन! त्याईच्या वासराईनं काय गुन्हा केला?"

शेवटी दोर त्यांनीच धरला. बाईंनी चिमटा लावून सरदारला खच्ची केलं, सांडाचा बैल केला. भाऊ पोरासारखे रडले, आणि इतका हट्टी माणूस आपल्या गावचा आहे याचा मला अभिमान वाटला.

गावानं कोरपन्याहून नवा सांड आणला. तो चार वर्षांनी बदलायचा, हा नियम भाऊंचाच. सरदार गावानं भाऊंनाच देऊन टाकला. वाचलेला तिसरा गोऱ्हाही त्यांच्याच अंगणात होता. बांबूच्या कामट्या बांधून, रोज तेल चोळून त्यांनी त्याला उभा केला होता.

पोळ्याला तोरणाखाली जोडी लागते. चाळीस पोळे भाऊंनी बाजूला उभं राहून पाहिले. यंदा मात्र ते झूल घातलेला सरदार घेऊन आले, आणि दुसऱ्या हाताला तो लंगडा गोऱ्हा.

हेमराज हसला, "भाऊ, हे कोणती जोडी?"

"बापलेकाची," भाऊ म्हणाले. "सरक जरासा. लहान्याले पाय पसरून उभं राहा लागते."