मेलितोनच्या नावाची झाडं

जुलैत, डोंगरावर झाडं लावायच्या दिवशी, युकुतिंदाचं सगळं गाव सकाळी शाळेच्या पटांगणात जमायचं. कारभारी वहीतली नावं वाचायचा. नाव आलं की माणसानं "हजर" म्हणायचं, आपल्या वाटची शंभर रोपं उचलायची आणि वर चालायला लागायचं. मेलितोन कुएवासचं नाव आलं की "हजर" म्हणायची ओदिलिया बाउतिस्ता. सत्तावीस वर्षं हे असंच चाललं.

पहिल्यांदा तिनं त्याच्या नावाला ओ दिली तेव्हा ती वीस वर्षांची होती. आदल्याच वर्षी डोंगरावरची पहिली लागवड झाली होती. तोवर तो डोंगर म्हणजे नुसता सोललेला होता. शेळ्यांनी खाल्लेला, पावसानं धुतलेला, लाल-पांढऱ्या घळींनी उभा चिरलेला. दर पावसाळ्यात खालच्या मक्याच्या शेतांची माती ओढ्यात जायची, आणि शेतांमागोमाग माणसंही गाव सोडायची. तीन रविवार गावसभेत भांडणं झाली आणि मग ठरलं, की डोंगरावर शेळ्या न्यायच्या नाहीत, उतारावर आडवे चर खणायचे, चरांच्या कडेनं पाइन लावायचे, आणि हे सगळं गावानं बिनमजुरी करायचं. ओदिलियाच्या वडिलांनी चाळीस शेळ्या विकल्या आणि पुढं वर्षभर ते कारभाऱ्याशी बोलले नाहीत.

त्या पहिल्या लागवडीला मेलितोन आणि ओदिलिया एकाच चरावर आले होते. तो कुदळीनं खड्डा करायचा, ती पिशवी फाडून रोप लावायची. काम कमी आणि बडबड जास्त, असा त्याचा हिशेब होता. मूळ वाकडं बसलं तर झाड वीस वर्षांनी सूड घेतं, असं त्यानं तिला तोंड अगदी गंभीर करून सांगितलं होतं, आणि ती हसली तेव्हा स्वतःही हसला होता. संध्याकाळी उतरताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "दोन वर्षं उत्तरेकडे जाऊन येतो. आलो की तुझ्या वडिलांकडे येईन." नोव्हेंबरात तो सीमेपलीकडे गेला, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांवर. गावातली त्याच्या वयाची सगळीच पोरं जात होती.

नियम असा होता, की लागोपाठ तीन वर्षं जो कामाला येणार नाही त्याचं नाव वहीतून कमी. नाव गेलं की वाट्याची जमीन गेली, सभेतला शब्द गेला. मेलितोनला वडील नव्हते आणि आई, दोन्या पेत्रा, गुडघ्यांमुळे पटांगणापर्यंतसुद्धा येत नव्हती. म्हणून पुढच्या जुलैत त्याच्या नावानंतर पटांगणात शांतता पसरली, तेव्हा ओदिलिया म्हणाली, "हजर."

कारभाऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "तू मेलितोन कधीपासून झालीस गं?"

लोक हसले.

"झाड लावायला मिशा लागतात का?" ओदिलिया म्हणाली.

आता बायका हसल्या, त्या जरा जास्तच. कारभाऱ्यानं वहीत खूण केली. तिचं स्वतःचं नाव वहीत नव्हतंच. घरातून वडिलांचं नाव होतं, आणि त्यांच्या वाटची झाडं तिचा भाऊ लावायचा.

सुरुवातीला पत्रं आली. मग चौकातल्या दुकानात फोन आला, आणि दुकानदारीण भोंग्यावरून साऱ्या गावाला ऐकवायची, "ओदिलिया बाउतिस्ता, उत्तरेहून फोन!" ती हातातली ताडाच्या पातीची टोपी विणत विणतच पळायची. टोपी अर्धी व्हायच्या आत फोन संपायचा. मेलितोन म्हणायचा, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीही तेच म्हणायचा. मग भोंग्यावरून तिचं नाव यायचं थांबलं.

सहाव्या वर्षी दोन्या पेत्रानं तिला घरी बोलावलं, समोर आतोलेचा, मक्याच्या वाफाळत्या पेजेचा, वाडगा ठेवला आणि तिचे दोन्ही हात धरले. मेलितोननं तिकडे लग्न केलं होतं. मुलगी दुसऱ्या प्रांतातली, मिचोआकानची होती, मळ्यातच भेटलेली.

"पोरी, आता तू त्याच्या वाटचं ओझं उचलू नकोस," म्हातारी म्हणाली.

ओदिलियानं आतोले शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं, वाडगा धुऊन ठेवला आणि घरी गेली. त्या जुलैत पटांगणात सगळ्यांचे कान टवकारलेले होते. मेलितोनचं नाव आलं. कुठंतरी कोंबडी कुरकुरत होती, बाकी आवाज नाही. कारभारी पुढचं नाव वाचायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "हजर." त्या दिवशी तिनं शंभर रोपं इतक्या घाईनं लावली की खाली उतरल्यावर तिला एकही खड्डा आठवेना.

गावानं मग बरंच काही म्हणून घेतलं. कोणी तिला खुळी म्हणे, कोणी म्हणे जमिनीवर डोळा आहे. शेजारच्या गावचा एक विधुर, बैलजोडी असलेला भला माणूस, टोपलीभर पाव आणि चॉकलेट घेऊन तिच्या वडिलांकडे आला. तिनं त्याला खुर्ची दिली, पुल्के, म्हणजे घरची दारू, दिली, आणि नाही म्हणून सांगितलं. आई चिडली. तो मेलितोन म्हणजे काही तुझ्यासाठी लावून ठेवलेलं झाड नाही, असं म्हणाली.

कारण विचारलं असतं तर ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. दोन्या पेत्राची शेती जाऊ नये, हे होतंच. पण खरं कारण याहून लहान होतं. वर्षातला तो एकच दिवस असा होता, की साऱ्या गावासमोर त्याच्या नावाला तिला ओ देता येत होती आणि कोणालाही त्याला हरकत घेता येत नव्हती. उरलेले दिवस ते नाव तिच्या तोंडून निघत नसे.

वर्षं गेली. पाइन माणसाच्या डोक्यावर गेले. चरांत पाणी थांबायला लागलं, त्यात गाळ साचला, आणि खालच्या शेतांच्या बांधांवर गावानं आल्डरची आणि पीचची झाडं लावली. आल्डरचा पाला कुजून मका गडद हिरवा व्हायला लागला. ओदिलियाचे वडील वारले. तिचे केस कानांपाशी पांढरे झाले. रोपवाटिकेचं काम आता तीच बघत होती. कुठल्या झाडाखालचं बी कधी गोळा करायचं हे विचारायला लोक तिच्याकडे येत, आणि पोरंटोरं तिला तिया म्हणत, म्हणजे आत्या.

तिनं सत्ताविसाव्यांदा "हजर" म्हटलं त्या वर्षी, ऑक्टोबरात, दोन्या पेत्रा गेली. आणि मेलितोन आला. त्याच्याकडे आता तिकडचे कागद होते, विमानानं येता येत होतं. पायांत पांढरे बूट, पोट सुटलेलं, डोक्यावर फारसं काही उरलेलं नाही. नऊ दिवस घरात प्रार्थना चालली. ओदिलिया इतर बायकांबरोबर मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, ढवळत होती, तोर्तिया थापत होती. त्याच्याशी ती चारचौघांत जेवढं बोलायचं तेवढंच बोलली. नवव्या दिवशी जमिनीवर आखलेला क्रूस उचलायचा शेवटचा विधी झाला, माणसं पांगली, तेव्हा तो चुलीपाशी आला आणि म्हणाला, "मला डोंगर दाखवशील?"

दोघं चढले. तो तीन ठिकाणी दम खायला बसला. आत शिरल्यावर पायांखाली पाइनच्या गळलेल्या पानांचा थर मऊ लागत होता, आणि वर वाऱ्याचा एकसारखा आवाज होता. तिनं हातानं दाखवलं, हा पहिला चर, तिकडे दुसऱ्या वर्षीचा, वर त्या खडकापर्यंत पुढचे.

"हे सगळं गावानं लावलं?" त्यानं विचारलं.

"गावानंच. पण ही तुझ्या नावावरची."

त्यानं एका खोडावर हात ठेवला. मग म्हणाला, "मला वाटलं, नाव कधीच कापलं असेल. आई फोनवर म्हणायची, नाव आहे. मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून सांगते." नखानं साल खरवडत तो म्हणाला, "मी खरंच येणार होतो, ओदिलिया. पहिली तीन वर्षं तरी. नंतर मी नुसतं म्हणत राहिलो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

आता तो "का लावलीस?" असं विचारील, असं तिला वाटत होतं. सत्तावीस वर्षं या एका प्रश्नाचं उत्तर ती मनात जुळवत आली होती, आणि आता जुळलं नसतं तरी बोलली असती. पण त्यानं विचारलं, "किती असतील गं?"

"दोन हजार सातशे लावली. जगलेली मोजली नाहीत."

त्यानं मान हलवली. डोळे पुसले. उतरताना त्यानं तिला ओढ्यापाशी हात दिला, आणि तिनं तो घेतला, पलीकडे गेल्यावर सोडला.

जायच्या आधीच्या रविवारी तो गावसभेत उभा राहिला. आपण आता परत येणार नाही, आपली मुलं तिकडची आहेत, हे त्यानं सरळ सांगितलं. वहीतलं आपलं नाव काढावं आणि तिथं ओदिलिया बाउतिस्ताचं लिहावं, आईची शेती तिची, अशी त्यानं विनंती केली. कारभारी आता इलारिओ होता, ओदिलियाहून दहा वर्षांनी लहान. त्यानं विचारलं, कोणाची हरकत? एकही हात वर झाला नाही. उलट टाळ्या वाजल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "अर्धा डोंगर तर तिनंच लावलाय."

टाळ्या वाजत होत्या आणि ओदिलिया बाकावर बसून राहिली होती. इलारिओनं पेनानं एक रेघ मारली. तिला जमीन मिळाली, मत मिळालं, सभेत बोलायचा हक्क मिळाला. हे तिला कळत होतं, आणि त्याचं मोल न कळण्याइतकी ती भाबडी नव्हती. पण ती रेघ ओढली गेली तेव्हा तिच्या हातातून कोणीतरी काही काढून घेतल्यासारखं तिला झालं. बाहेर आल्यावर बायकांनी मिठ्या मारल्या. तिनंही मारल्या. मग घरी जाऊन मेलितोनसाठी वाटेतली शिदोरी बांधली, टोस्टासारख्या कडक भाजलेल्या तोर्तिया आणि घेवड्याचं कोरडं वाटलेलं सारण. दुसऱ्या दिवशी बस गेली.

पुढच्या जुलैत तिनं स्वतःच्या नावाची शंभर रोपं उचलली. या खेपेला पाइन नव्हते, ओक होते. ओकला सावली लागते, आणि सावली आता डोंगरावर होती.

दोन वर्षांनी जुन्या चरांवर विरळणी करायची वेळ आली. झाडं फार दाट झाली होती, एकमेकांची वाढ खुंटवत होती. कुठली तोडायची त्यांवर चुन्याचा पट्टा मारायचं काम इलारिओनं तिच्याकडे दिलं. "तिया, तुमचा हात थरथरणार असेल तर दुसऱ्याला सांगतो," तो म्हणाला. ती म्हणाली, गप बैस. चार दिवस ती चुन्याची बादली घेऊन फिरली. बुंधा वाकलेली, शेंडा मेलेली, दोघांच्या मधे चेंगरलेली झाडं तिनं खुणावली. कुठली कुठल्या वर्षीची, ते पहिल्या दिवशी तिला आठवत होतं. तिसऱ्या दिवशी ती फक्त झाडं बघत होती.

त्या रविवारी दुपारी मेलितोनचा फोन आला. आता तो महिन्या-दोन महिन्यांनी करायचा, पाऊस विचारायचा, मका विचारायचा. तिनं अंगणात पात विणता विणता फोन कानाशी धरला आणि तोड सुरू झाल्याचं सांगितलं.

"माझ्यातली पण?"

"तुझ्यातली पण. त्याशिवाय उरलेली वाढायची नाहीत."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "लाकडाचं काय करणार?"

शाळेचं छप्पर, ती म्हणाली. उरलेलं शेजारच्या गावाला. त्याच्या मागं कोणीतरी लहान मूल परक्या भाषेत काहीतरी मागत होतं, आणि एक बाई त्याला हळू आवाजात समजावत होती. ओदिलियानं पातीचा पुढचा पदर घेतला. "पाऊस बरा झाला यंदा," ती म्हणाली, आणि तो म्हणाला, "हो का," आणि मग दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही, बराच वेळ.